कुंडीकट्टा जिवंत आहे का

४ जानेवारी, रविवार
डोंबिवलीला दाते काकांकडे जाऊन आले. माहेरच्या बिल्डिंगमधले, पहिला मजला. चहा, सुरळीची वडी. (दुकानातली. सुमनकाकू गेल्यापासून त्या घरात सगळं दुकानातलं.) मग मुद्दा. काकांची वेबसाइट, कुंडीकट्टा. बाल्कनीत झाडं लावणाऱ्यांनी तिथे प्रश्न विचारायचे, बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. ज्या जुन्या सॉफ्टवेअरवर ती चालते ते पाडव्यानंतर बंद होणार. त्यांची शिल्पा पुण्याला, कॉम्प्युटरमधलीच. सगळं नव्या जागी हलवून द्यायला तयार आहे, पण म्हणते, "बाबा, तिथे कोणी बोलत असेल तर हलवते. वाळलेलं झाड दुसऱ्या कुंडीत कशाला लावायचं?" म्हणून मूल्यमापन. निःपक्ष माणसाकडून. निःपक्ष माणूस मी.

का, तर सोसायटीच्या रांगोळी स्पर्धेत मी परीक्षक असताना स्वतःच्या मुलीला तिसरी दिली होती. स्पर्धक तिघीच होत्या. ईशा अजून ते उकरून काढते.

हो म्हणून आले. कॉलेजात मुलांचे अभिप्राय गोळा करायचं काम तसंही माझ्याच गळ्यात असतं. पण मी स्वतः कुंडीकट्ट्याची सभासद आहे, हे सांगायला हवं होतं का?

५ जाने.
फोन करून सांगितलं. काका म्हणाले, "सभासद म्हणून तू केलंयस काय?" खरं आहे. एकच प्रश्न विचारलेला, लिंबाच्या झाडाबद्दल, पावसाळ्यात. तो अजून 'तपासणीत' आहे.

निकष ठरवले. रचना. वावर. विषयाला धरून चर्चा. नवख्याला उत्तर मिळतं का. नवरा, नितीन, वाकून बघत म्हणाला, "आजच्या आमटीला लावून बघ." लावले नाहीत. म्हणजे मनात लावले. रचना बरी, वावर कमी.

१० जाने., शनि.
रचना. पोपटी जमिनीवर पिवळी अक्षरं. (मत नको, नोंद हवी. नोंद: अर्ध्या तासाने डोळे धुवावे लागले.) विभाग: मूळ, खोड, पान, फूल, फळ, माती, कीड. अगदी तळाशी श्रद्धांजली.

काका वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. न तपासलेलं काही पुढे जाऊ देत नाहीत. प्रत्येक प्रश्न आधी त्यांच्याकडे. तो पूर्वी कोणी विचारलाय का ते बघणार. मग विचारणाऱ्याला फोन: कुंडी किती इंची, ऊन कुठल्या दिशेचं. मग योग्य विभागात टाकणार. कोणी 'पानं पिवळी पडतात' असं पान विभागात विचारलं की काका ते मूळ विभागात हलवतात, कारण दुखणं मुळाशी असतं. असतंही. पण विचारणारा पानात शोधत बसतो, प्रश्न सापडत नाही, वाटतं काकांनी उडवला. वर्तकनगरच्या एक बाई अशा तीनदा रागावून गेलेल्या दिसतात. तीनदा परत कशा आल्या ते कळत नाही.

वावर. मूळ विभागात शेवटची नोंद दिवाळीची, "शुभ दीपावली". पान, काही नाही. फूल, काही नाही. कीड विभागात काका स्वतःच्याच प्रश्नाला उत्तर देतायत.

वाईट वाटलं. वाईट वाटणं निकषांत बसत नाही.

११ जाने.
श्रद्धांजली सोडणारच होते. मग वाटलं, अर्धवट तपासलं असं नको. उघडलं.

एकच नाव. कै. सौ. सुमन दाते. सुरुवातीला रीतसर, भावपूर्ण श्रद्धांजली, ईश्वर मृतात्म्यास इ. मग इथल्याच, ठाकुर्लीच्या एक नेने बाई: "भावपूर्ण श्रद्धांजली. ताईंनी सांगितलेलं आंबट ताक घातलं, कढीपत्ता असा फुटला की त्यांची आठवण झाली. आता त्यावर काळे ठिपके आलेत. काय करावं?" खाली लगेच कोणीतरी: "भावपूर्ण श्रद्धांजली. खालची पानं काढून टाका."

तिथून जे सुरू झालंय ते आजतागायत. श्रद्धांजलीला काय तपासायचं, म्हणून काकांनी तेवढा एक विभाग मोकळा ठेवलेला. लिहिलं की दिसतं. लोकांच्या ते लक्षात आलं, आणि सगळा कट्टा उठून तिथे जाऊन बसला. फक्त रीत म्हणून आधी श्रद्धांजली वाहतात. पुढे पुढे तीही आखूड झालीय.

"भा. श्र. मिरचीला कोकडा आलाय, पानं आखडलीत."
"भा. श्र. गांडूळखत कल्याण पश्चिमेला कुठे मिळेल?"
"भा. श्र. नेने मॅडम, वाढदिवसाच्या शुभेच्छा."

नव्या माणसांना तर भा. श्र. म्हणजे इथला रामराम वाटतो. विठ्ठलवाडीचे एक गृहस्थ: "भा. श्र. सुमनताई, तुमचा ग्रुप फार छान आहे, अशाच मार्गदर्शन करत राहा." कोणी दुरुस्त केलेलं नाही. वर्तकनगरच्या बाई पण इथेच. परत कुठे येतात ते कळलं.

हसले. काकूंच्या पानावर हसले म्हणून वाईट वाटलं. ते मिरचीचं परत वाचलं.

१२ जाने.
अडचण. 'विषयाला धरून चर्चा' या निकषावर तिथे शून्य, कारण विषय श्रद्धांजली. 'नवख्याला उत्तर मिळतं का' यावर पैकीच्या पैकी. एकाच पानाला दोन्ही गुण कसे देणार?

शिल्पाला फोन केला. तिला माहीत आहे.
"अगं मीपण विचारते तिथे. जास्वंदीचं विचारलेलं. दुसऱ्या नावाने."
"आणि काका?"
"बाबा ते पान उघडत नाहीत गं. आई गेली त्या दिवशी बनवलं, तेच शेवटचं."
"मग जिवंत आहे हे माहीत असून मूल्यमापन कशाला?"
"त्यांनी तपासणी सोडावी म्हणून. माझं ऐकत नाहीत. रोज सकाळी आंघोळ करून त्या रिकाम्या तपासणीसमोर बसतात, मला बघवत नाही. तू बाहेरची, तुझं ऐकतील. पण वैशूताई, आईच्या पानाचं नको हं सांगूस. तिथे गेले की तिथेही तपासायला बसतील. मग संपलंच."
"मग मी लिहू काय?"
"मोघम लिही."

मोघम मला येत नाही. प्रयत्न केला: 'चर्चा अन्यत्र चालू आहे.' वाचल्यावर स्वर्गाबद्दल वाटतं. खोडलं.

१७ जाने., शनि.
काकांना पद्धत म्हणून सुचवलं, एकदा सभासदासारखं बाहेरून या. ते नेहमी थेट तपासणीच्या पानावर उतरतात, मुखपृष्ठ त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. "पुढच्या दाराने येतं कोण?" म्हणाले. म्हटलं, तेच बघायचंय काका. पुढच्या रविवारी बघतो म्हणाले.

फोन ठेवल्यावर आठवलं की मुखपृष्ठावर 'नुकतंच लिहिलेलं' अशी चौकट आहे. मी हे मुद्दाम सुचवलं का? नाही. नाही बहुतेक.

२० जाने.
नवीनच. मूल्यमापन चालू आहे हे काकांनी अभिमानाने नेने बाईंना फोनवर सांगितलं. बाईंनी तातडीने काकूंच्या पानावर सूचना लावली: "भा. श्र. मूल्यमापन होईपर्यंत सर्वांनी इथे फक्त श्रद्धांजली वाहावी. झाडांचे प्रश्न आपापल्या विभागात." शिस्तीची माणसं. कालपासून नुसती रीघ. "सुमनताईंच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन." "ताई, आज आपण हव्या होता." डोंबिवलीच्या पलीकडे गावात ज्यांची मोठी वाडी आहे ते पाटील: "ताईंचे आत्म्याला शांती लाभो. आंब्याचा मोहर गलतंय ते नंतर विचारीन."

दुसरीकडे तपासणीत प्रश्नांचा ढीग. काका विलक्षण खूश. दिवसभर लोकांना फोन. मला लेक्चर चालू असताना: "वैशाली, ते लिंबू कुठल्या खिडकीत आहे?"
"काका, ते गेलं."
"कधी?"
"नवरात्रात."
"मग प्रश्न रीतसर मागे घे."
घेतला.

२५ जाने., रवि.
काका पुढच्या दाराने आले. जेवायच्या वेळेला फोन.
"सुमनला आज एवढी श्रद्धांजली कशी काय? तिचा दिवस तर श्रावणात."

काहीतरी बिघाड असेल, असं म्हणता आलं असतं. शिल्पाला शब्द दिला नव्हता, पण दिल्यासारखाच. आणि काकांनी मला ज्या कामाला नेमलंय त्याचं काय? एवढा विचार होईपर्यंत बराच वेळ गेला असणार, कारण काका म्हणाले, "ऐकू येतंय का?"
म्हटलं, "काका, या आठवड्याची सोडा. त्याच्या आधीची वाचा."
"आधीची म्हणजे?"
"पहिल्यापासून."
ठेवला त्यांनी.

संध्याकाळी शिल्पाचा मेसेज: "काय केलंस ताई". पुढे प्रश्नचिन्हसुद्धा नाही.

२८ जाने.
काका फोन उचलत नाहीत. शिल्पाला म्हणाले, बरा आहे, वाचतोय. तपासणीत सगळ्यांचे प्रश्न अडकलेले. नेने बाईंची सूचना अजून लागू, त्यामुळे काकूंच्या पानावर झाडांबद्दल चकार शब्द नाही, आणि श्रद्धांजली तरी किती वाहणार, तीही आटली. मी काम हातात घेतलं तेव्हा कट्टा एका कोपऱ्यात का होईना चालू होता. आज खरोखर मेलाय.

नितीन: "डॉक्टर तपासायला आले आणि पेशंट दगावला."
"तू गप्प बस."
गप्प बसला. मग म्हणाला, पाटलांच्या मोहराचं काय झालं. रोज वाचत होता म्हणे माझ्या पाठीमागून.

१ फेब्रुवारी, रवि.
काकांनी बोलावलं. गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते, माफी मागायची की नाही, मागायची तर नक्की कशाची. बसायच्या आत काका म्हणाले, "अंड्याची टरफलं."
"काय?"
"टोमॅटोला अंड्याची टरफलं घाला, सुमनताई सांगायच्या. हे त्या पाटलांनी लिहिलंय. या घरात आजवर अंडं आलेलं नाही, वैशाली. ती टरफलं कुठून सांगेल?"
मी बसून घेतलं.
"आणि अमावस्येला झाडांना पाणी घालू नये, ताई पाळायच्या. ती अमावस्येला केससुद्धा धुवायची. माझ्या आईशी त्यावरून वाद घालून धुवायची." इथे स्वतःच हसले. मग हसू आवरेना म्हणून चष्मा काढून पुसत बसले. बराच वेळ पुसला.

"ताकाचं मात्र तिचंच," म्हणाले. "ते बरोबर लिहिलंय."

मला वाटलं, निभावलं. तर म्हणतात, "आता त्याही विभागाला तपासणी लावतो. तिने सांगितलेलं असेल ते राहील, बाकीचं काढणार."
"काका, मग तिथेही कोणी बोलणार नाही."
"म्हणून तिच्या नावावर खोटं खपू द्यायचं?"

वाईट हे की मला त्यांचं पटत होतं. चुकीची गोष्ट दिसत असून तशीच राहू द्यायची हे मलाही जमत नाही. तरी म्हटलं, चूक दिसली तर तिथेच खाली लिहा ना, बाकीच्यांसारखं.
"मी लिहू? त्यांच्या रांगेत?"
"हो."
"वर भा. श्र. घालून?"

मी वडी खाल्ली.

७ फेब्रु., शनि.
अहवाल लिहिला. एकच पान. चार वेळा लिहिला तेव्हा एक पान झालं. 'कुंडीकट्टा जिवंत आहे. जिथे तपासणी आहे तिथे बरोबर उत्तरं आहेत आणि माणसं नाहीत. जिथे तपासणी नाही तिथे माणसं आहेत आणि काही उत्तरं चूक आहेत. नव्या जागी दोघांना कसं नांदवायचं हे मूल्यमापनाच्या कक्षेबाहेर आहे.' शेवटचं वाक्य भित्रं वाटलं. काढलं. मग अहवाल अर्धवट वाटला. परत घातलं. काका आणि शिल्पा, दोघांना एकदम पाठवला, म्हणजे आधी कोणाला पाठवला हा प्रश्न नको.

शिल्पा म्हणाली, "बाबांनी तपासणी लावली की आईचं पान बंद. मग मी काही हलवत नाही." काकांचा काही निरोप नाही.

८ फेब्रु., रवि.
सकाळी काकूंचं पान उघडलं. तपासणी लागलेली नाही, अजून तरी. सगळ्यात खाली एक नवी ओळ:

"सुमन टोमॅटोला टरफलं घालत नसे. दाते."

वर भा. श्र. नाही. कसं असेल?

तासभर कोणी काही लिहिलं नाही. कट्ट्यावर मास्तर आल्यासारखं. मग पाटील: "काका, चुकी झाली. मंग ताई काय घालीत व्हत्या?" त्यांनीही भा. श्र. लिहिलं नाही. मग वर्तकनगरच्या बाई, "आम्हालाही सांगा." मग नेने बाईंनी स्वतःची सूचना काढून टाकली आणि विचारलं, पाटील, मोहराचं काय झालं.

मी वाट बघतेय, काका काय लिहितात. तेवढ्यात त्यांचाच फोन.
"वैशाली, टोमॅटोला ती काय घालायची गं?"
"मला कसं माहीत असणार काका?"
"यायचीस की तू घरी. बघितलं नाहीस कधी?"
"नाही."
"मीपण नाही." मागे त्यांच्या स्वयंपाकघरात नळ गळताना ऐकू येत होता. "सकाळी बाल्कनीत काहीतरी करायची. मी पेपर वाचत असायचो. काय घालायची नाही ते मी सांगू शकतो. काय घालायची ते..."
म्हटलं, "तिथेच विचारा. कोणाला तरी काकूंनी सांगितलेलं असेल."
"मी विचारू?"
"हो."
"कुठल्या विभागात?"

फोन ठेवल्यापासून पान उघडून उघडून बघतेय. पाटलांचा प्रश्न तसाच आहे, खाली काही नाही. शिल्पा विचारतेय, हलवू की नको. म्हटलं, थांब जरा.