मंगळवारचा गुप्तहेर

माय, तुला तो चष्मा पुसणारा गुप्तहेर आठवतो का? परवा माझ्या मुलीनं त्याची जुनी मालिका कुठूनशी शोधून टीव्हीवर लावून दिली. सुरुवातीचं संगीत वाजलं आणि मी धुळ्याच्या या बैठकीतून उठून थेट दीपनगरच्या आपल्या क्वार्टरमध्ये गेले. मुलगी विचारत होती, "आई, एवढं हसायला काय झालं?" तिला काय सांगणार? चित्र धुरकट, रंग उडालेले, दिवाणखान्याच्या भिंती पुठ्ठ्याच्या असाव्यात अशा हलतात. आपल्याला तेव्हा यातलं काहीच दिसलं नव्हतं. आपल्याला फक्त तो दिसायचा, बगलेत छत्री धरलेला, खुनी कोण ते सांगायच्या आधी सावकाश चष्मा काढून रुमालानं पुसणारा. त्यानं चष्म्याला हात लावला की भाऊ ओरडायचे, "सांगा, सांगा लवकर आपापला खुनी!" भाऊ म्हणजे आमचे वडील, पण त्या क्षणी ते आमच्याहून लहान असायचे. मंगळवारी संध्याकाळची पाळी येऊ नये म्हणून ते विजेच्या प्लांटमध्ये कोणाकोणाशी अदलाबदली करायचे, ते तुलाच ठाऊक.

आणि तू दर मंगळवारी हरायचीस. ज्यानं पाहुण्याला नीट चहा विचारला नाही तो खुनी, असं तुझं ठरलेलं असायचं. नाहीतर मग जो माणूस बायकोशी तुसडेपणानं बोलला तो. "हाऊच शे," हाच तो, असं तुझ्या अहिराणीत म्हणायचीस, पदर खोचून, अगदी ठामपणे. तो बिचारा निर्दोष निघायचा आणि आम्ही भावंडं टाळ्या पिटायचो. तूही हसायचीस, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

पण आज मला लिहायचंय ते शेजारच्या काकूंच्या कानातल्या टॉपबद्दल. तो उन्हाळा मला अजून वासासकट आठवतो. काकूंकडे ज्वारीचे बिबडे, आपले ते जाड पापड, घातले होते. पहाटेच मोठं पातेलं चढलेलं, त्यात तीळ, लसूण, मिरची. वाफेत काकूंचा चेहरा लालबुंद. तू आणि मी गच्चीवर पसरलेल्या जुन्या साडीवर ओल्या हातानं बिबडे थापत होतो. चटके बसायचे आणि तू म्हणायचीस, पाणी लाव, पाणी. संध्याकाळी काकूंच्या लक्षात आलं की एका कानातला सोन्याचा टॉप नाही. त्यांनी घर पालथं घातलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडून भांडी घासणाऱ्या मावशींचं नाव निघालं. "मीच कामाच्या गडबडीत काढून ओट्यावर ठेवला असणार, तिथून कोण उचलणार, ओट्याशी दुसरं कोण होतं," असं त्या जिन्यात सगळ्यांना सांगत होत्या. मावशी दोन्ही घरांची भांडी करायच्या. त्या दिवशी त्या आपल्याकडेही आल्या नाहीत. दुपारपर्यंत ते अख्ख्या इमारतीत पसरलं होतं, आणि कॉलनीच्या गेटवर कळवलं की त्यांचं आत येणं बंद होणार होतं. म्हणजे आपलं एकच घर नाही, त्यांची सगळीच कामं गेली असती.

तू काकूंकडे गेलीस. मी तुझ्या मागे. मला वाटलं तू भांडशील. तू खाली बसलीस आणि काकूंना म्हणालीस, सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते सांगा, हाताला काय काय लागलं ते सांगा. अगदी त्या गुप्तहेरासारखं. छत्री तेवढी नव्हती. काकू आधी चिडल्या, मग सांगू लागल्या. पातेल्याशी किती वेळ बसल्या, घाम कसा आला, पदरानं तोंड आणि कान कसे पुसले. तू त्यांच्या दुसऱ्या कानाला हात लावलास. त्या टॉपची फिरकी सैल होती, बोट लागताच फिरली. तू उठून शेगडीमागे हात घातलास, राख आणि तिळांचा कचरा ओढून काढलास, आणि त्यात ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळी फिरकी निघाली.

काकू म्हणाल्या, "मग टॉप तिनंच उचलला."

तू म्हणालीस, "पह्यले देखा, मंग बोला." आणि मला मावशींना बोलवायला पाठवलंस. काकू नको म्हणत होत्या. शोधायचं तर त्यांच्यासमोरच शोधायचं, तू ऐकलं नाहीस.

मावशी आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या. बिबडे वाळून डब्यात भरून झाले होते. फिरकी शेगडीमागे, तर टॉप पातेल्यातच पडला असणार, असं म्हणून तू तो पत्र्याचा डबा चादरीवर उलटा केलास आणि एकेक बिबडा खिडकीच्या उन्हासमोर धरायला सांगितलंस. काय दृश्य होतं ते! भाऊ पाळीवरून आले ते बूट न काढता कामाला लागले. चौघं-पाचजण मोठी माणसं बिबडे डोळ्यांपुढे धरून बसलेली, उन्हात तीळ चमकत होते आणि प्रत्येक तिळाला आम्ही फसत होतो. मग मावशींनी एक बिबडा उन्हापुढे धरला आणि तसाच धरून ठेवला. तो सरळ काकूंच्या हातात दिला.

काकूंनी तो मोडला. टॉप त्यांच्या मांडीवर पडला आणि त्या रडायलाच लागल्या. सगळ्यांदेखत त्यांनी हात जोडले, आणि जिन्यात ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांच्या दारी जाऊन खरं सांगितलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. मग त्यांनी तो अख्खा डबाच मावशींपुढे सरकवला. मावशी म्हणाल्या, "कच्चे काय देता? तळा, आठेच बसून खाऊ." इथेच, सगळ्यांसोबत! तेव्हा तू जी हसलीस! काकूंनी लगेच कढई चढवली. तिळाचा आणि लसणाचा असा वास सुटला की वरच्या मजल्यावरचे लोकही खाली आले.

त्या मंगळवारी मावशी मालिका बघायला आल्या. एरवीही यायच्या, पण उंबऱ्याशी बसायच्या, आणि आपल्यापैकी कोणाला त्यात काही वाटत नसे. तू चटईवर सरकलीस, शेजारची जागा थोपटलीस, "आठे बठ." त्या बसल्या. तुम्ही दोघींनी मिळून चुकीचा खुनी धरला. भाऊ म्हणाले, काकूंचा टॉप शोधणारी बाई इथं कशी दर आठवड्याला हरते? तू म्हणालीस, "मी हारनू म्हणजे तुम्हना बठ्ठासना तोंडं कसा फुलतस!" मी हरले की तुम्हा सगळ्यांचे चेहरे कसे फुलतात, असं.

आता मुलीबरोबर एकेक भाग बघते आहे. काल तिला बिबड्यांची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, आजी कशी बोलायची, बोलून दाखव ना. मी प्रयत्न केला, आणि माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

हे पत्र तुला तुझ्या अहिराणीत लिहावं असं मनात होतं. तुझी चार वाक्यं जमली, माझं एकही जमलं नाही. तू जाईपर्यंत, आयुष्यभर माझ्याशी त्या बोलीत बोललीस आणि मी शाळेतल्या मराठीत उत्तरं दिली. म्हणून हे कपाटातच ठेवते. पण माय, एक सांगते, घरात कोणी नसलं की मी टीव्हीशी अहिराणीतच बोलते. फार मोडकी बोलते. पण मोठ्यानं बोलते.