आईची झोप

प्रिय बाळ्या,

तुझा कालचा मेसेज वाचला. “बाबा, आईची झोप किती सुधारलीय! तुम्ही जे करताय ते चालू ठेवा.” चौथीत कविता बिनचूक म्हटली की मास्तर पाठीवर थाप द्यायचे, तसं वाटलं बघ.

तिच्या गादीखाली ती पट्टी बसवताना तू किती हौसेनं समजावलं होतंस. श्वास, ठोके, कूस बदलणं, सगळं तुझ्या फोनवर. रात्रभर गादी रिकामी राहिली तर लाल दिवा. आईची वाचा गेल्यापासून फोनवर तिच्याशी काय बोलावं हे तुला सुचायचं नाही. पट्टी बसली आणि तू सुटलास. “रोज दिसतेच की मला ती,” म्हणायचास. खरंच रे, किती मुलांना आईचे ठोके असे घरबसल्या दिसतात?

मी आपला जुन्या पद्धतीनं बघायचो. सकाळी तिला खिडकीपाशी खुर्चीत बसवायचं आणि शाळेतली नदीची कविता म्हणायची. शेवटच्या ओळीला तिचे ओठ हलायचे. एके दिवशी हलले नाहीत. खुळ्यासारखा मी तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. पट्टीला काही कळलं नाही. तिच्या लेखी आई रोजच्यासारखी उठून बसली होती. तुला फोन लावला, तो तू कापलास. लिहिलंस, “कामात आहे. आईची रात्र छान गेलीय, आत्ताच पाहिलं. नंतर बोलू.”

शेजाऱ्यांच्या मदतीनं तिला पोचवून आलो आणि तिच्याच गादीवर आडवा झालो. उशीला अजून तिच्या तेलाचा वास होता. सकाळी तुझा मेसेज, “आज आई अगदी शांत झोपली.” मी “हो” लिहिलं.

तेव्हापासून तिथंच झोपतो. पट्टीला म्हातारा श्वास तेवढा कळतो, कुणाचा ते नाही. तुला कळेल असं वाटलं होतं. “आईच्या कानाला फोन लावा” एवढं एकदा म्हणाला असतास, तर त्याच क्षणी सांगितलं असतं. उन्हाळा गेला, थंडी आली. आता पाठ धरते माझी त्या मऊ गादीवर. आज पत्र टाकून आलो की माझ्या खाटेवर झोपणार आहे. म्हणजे लाल दिवा आधी लागेल, पत्र मागाहून येईल. मधल्या काळात तू फोन करशील, आई कशी आहे म्हणून विचारशील. तो प्रश्न मला एकदा तुझ्या तोंडून ऐकायचाय. ऐकून फोन ठेवून देईन. उत्तर पोस्टानं येतंय.

तुझाच म्हणायची सवय आहे, म्हणून तुझाच,
बाबा