बिघाड काही सापडला नाही

तीर्थरूप दादांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून कंबर आता एवढीच वाकते.) तुमचा गुडघा, वहिनींचं ब्लडप्रेशर आणि तुमची ती जुनी गाडी, तिघांचीही तब्येत ठीक असेल अशी आशा करतो. मी बरा आहे. पत्र लिहायचं कारण असं की फोन केला की वहिनी उचलतात आणि तुमची बहीण आंघोळ करतेय असं सांगतात. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. तुमच्याकडे एवढं पाणी येतं कुठून हे मी विचारणार नाही. पण ती माझ्यावर चिडून तुमच्याकडे आली आहे, परत यायचं नाव घेत नाही, आणि तुम्ही फक्त तिचीच बाजू ऐकली आहे. तेव्हा माझ्या नव्या गाडीची बाजूही कोणीतरी मांडायला हवी.

गाडी उत्तम आहे, हे आधीच सांगून ठेवतो. विजेवर चालते, आवाज नाही, धूर नाही, सीट पाठ चेपून देते. दाराची मूठ आत दडलेली असते, आपण जवळ गेलो की आपणहून बाहेर येते (कधीकधी येत नाही, मग लांब जाऊन पुन्हा जवळ यायचं). तुम्ही पहिल्यांदा पाहिलीत तेव्हा 'स्टेपनी कुठाय?' एवढंच विचारलं होतं आणि मी हसलो होतो. स्टेपनी नाही. तुमच्या गाडीकडून तुमची अपेक्षा एकच, तिने चालावं. माझं तसं नव्हतं. जन्मभर लोक मला बघून तोंड वाकडं करत आले. वाटलं, एकदा तरी कोणीतरी आपल्याकडे कौतुकाने बघावं. ते काम गाडीने चोख केलं. दवाखान्याखालचा केमिस्ट रोज गिऱ्हाईक सोडून बाहेर यायचा. चालायचं काम तेवढं ती आपल्या मर्जीने करते.

आता त्या दिवसाचं. तुमच्या बहिणीचा शाळेतला शेवटचा दिवस, मुख्याध्यापिका म्हणून निरोप समारंभ. ती म्हणत होती, नेहमीसारखी चालत जाते, रस्ता तो केवढा! मीच हट्ट धरला की आज गाडीतूनच जायचं आणि सगळ्यांच्या देखत उतरायचं. वाटेत दवाखान्यापाशी थांबलो, कारण कॅमेरा वर राहिला होता. उतरता उतरता स्क्रीनवर विचारणा आली: नवीन अपडेट आलं आहे, आत्ता करू की नंतर? त्या अपडेटमध्ये स्वागताचे दिवे होते. म्हणजे मालक उतरला की पुढचे दिवे नाचल्यासारखे लुकलुकणार. मला डोळ्यांसमोर शाळेचं फाटक दिसलं आणि मी 'आत्ता' दाबलं. (हे काम घरी, गाडी रिकामी असताना करायचं असतं, हे नंतर कळलं.) कॅमेरा घेऊन खाली आलो तर गाडी कुलूपबंद, स्क्रीन काळी, आणि आत तुमची बहीण, कपड्यांची इस्त्री मोडू नये म्हणून ताठ बसलेली. आतून हाताने दार उघडायची एक कडी असते म्हणे. ती कुठे आहे ते पुस्तकात दिलं आहे. पुस्तक स्क्रीनमध्ये आहे.

मी कंपनीला फोन लावला. मॉडेल सांगितलं, रंग सांगितला, बॅटरीला काही होणार नाही ना ते पुन्हा पुन्हा विचारलं. पलीकडच्या मुलीने विचारलं, आत कोणी आहे का? मी म्हणालो, 'नाही, तसं कोणी नाही, मिसेस आहेत.' दादा, त्या गाडीच्या काचा दुहेरी आहेत. बाहेरचा आवाज आत जात नाही असं माहितीपत्रकात ठळक छापलंय. ते साफ खोटं निघालं.

इथवरही एक वेळ निभावलं असतं. पण ती काचेवर टकटक करून काहीतरी सांगायला लागली. माझा धंदा तुम्ही जाणता. समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून हातवारे करत असतो आणि आपण 'झालंच' म्हणत राहायचं असतं. मी वाकलो, काचेला तोंड लावलं आणि अगदी त्याच गोड आवाजात म्हणालो, 'झालंच हं, थोडं सहन करा.' ती एकदम गप्प झाली. पेशंट असा गप्प झाला की मला बरं वाटतं, तसं बरंही वाटलं. केमिस्टने (आगाऊ आहेच तो) नंतर सांगितलं की त्या म्हणत होत्या, शाळेत फोन करा म्हणजे लोक थांबतील. तिचा फोन फोटोंसाठी माझ्याच खिशात होता. काचेतून केमिस्टला ऐकू आलं, मला नाही.

बऱ्याच वेळाने अपडेट संपून दार आपणहून उघडलं तेव्हा ते दिवे नाचले, अगदी झकास नाचले. आम्ही शाळेत पोचलो तेव्हा मुलांच्या बस निघून गेल्या होत्या, पाहुणे गेले होते आणि शिपाई खुर्च्या गोळा करत होता. तिने दोन खुर्च्या स्वतः उचलून भिंतीशी लावल्या आणि चालत घरी आली. भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून ती तुमच्याकडे आली.

गाडी मी तपासायला दिली. तिथे सोफा आहे, कॉफी आहे आणि टाय लावलेला एक साहेब आहे. तो म्हणाला, बिघाड काही सापडला नाही, ही गाडी असंच करते. इतक्या मऊ आवाजात म्हणाला की मला माझाच आवाज ऐकू आला. आजवर मी किती जणांना सांगितलं असेल की कवळी उत्तम बसली आहे, टोचतेय असं तुम्हाला उगाच वाटतंय. या गाडीच्या मालकांचा फोनवर एक ग्रुप आहे, तिथे गाऱ्हाणं घातलं. एकाची गाडी कधीपासूनची वर्कशॉपमध्ये पडून आहे. त्यानेच मला समजावलं की अशी गाडी होणे नाही, आपणच तिला समजून घ्यायला कमी पडतो. एवढी महाग वस्तू घेतल्यावर चुकलं असं कोण म्हणेल? मीही तिला पाच तारे देऊन बसलोय. चुकलं, दादा. फार चुकलं. ग्रुपवर लिहिता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो.

बाकी सगळं ठीक. घर फार शांत आहे, गाडीसारखंच. वहिनींना नमस्कार सांगा.

आपला मेहुणा
(अजून आहे असं धरून चालतो)

ता. क. हे पत्र तिला देऊ नका. दिलंच, तर गाडीची स्तुती आहे तेवढा मजकूर झाका.

ता. क. दुसरा. गाडी विकायला काढली आहे. बघायला आलेल्या गृहस्थांना मी घडलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, असू दे हो, आधी ते दिवे नाचवून दाखवा.

ता. क. तिसरा, आणि खरं तर पत्र यासाठीच. तुमच्या धाकट्या मुलीकडून कळलं की हिची खालची दाढ ठणकतेय आणि सोमवारी तुम्ही तिला तुमच्या गल्लीतल्या डेंटिस्टकडे नेणार आहात. दादा, तो आणि मी एका वर्गात होतो. तो आधी काढतो आणि मग विचार करतो. ती दाढ मला पाठ आहे, वाचण्यासारखी आहे. लग्न झाल्यापासून तिच्या दातांना माझ्याशिवाय कोणी हात लावलेला नाही. मी रविवारी पहिल्या बसने अवजारं घेऊन येतो. दार तुम्ही उघडा. पण तिला आधी एवढं सांगा की आल्या आल्या मी 'आ करा' म्हणणार नाही. तिला जे बोलायचंय ते सगळं तिने आधी बोलून घ्यावं, कितीही वेळ लागू दे. मी ऐकतो. दाढ त्यानंतर.