निळं तिकीट, तांबडं विमान

मंगळवार, १४ तारीख
दुपारची सुट्टी

गुंड्या,

ताईचे भरपूर आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि पिल्लू, तिघंही बरी असाल असं धरून चालते. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण मीही कुरकुरतेच, तेव्हा आमचं दोघांचं बरं जमतं.

हे पत्र लिहून त्याचा फोटो तुला पाठवणार आहे. फोनवर मला धड बोलता येत नाही हे काल तू पाहिलंसच. तू विचारत होतास आणि मी फोन ठेवून दिला. त्याचा राग धरू नकोस. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि मग मी भलतंच काहीतरी बोलून बसते. चार यत्ता शिकलेल्या बाईला कागद बरा. कागद मध्ये बोलत नाही.

आधी मुद्द्याचं. विमान कंपनीकडून तुझ्या फोनवर जो कोड आला, तो तिकीट रद्द करायचा नव्हता. मी येणार आहे. "यायचं नसेल तर सरळ सांग ताई, आम्ही उगाच खोली रंगवून बसलोय," असं तू म्हणालास ना, ते आज सकाळपासून चादरी सरळ करताना माझ्या कानात वाजतंय. येणार आहे म्हणजे येणार आहे.

आता तो कोड आला कुठून ते ऐक. तू माझं तिकीट काढलंस निळ्या पाटीच्या कंपनीकडून. पण विमान त्यांचं नाहीच. विमान आहे तांबड्या पाटीवाल्यांचं. निळे त्यातल्या थोड्या जागा स्वतःच्या नावाने विकतात. हे तुलाही ठाऊक नसणार, नाहीतर "सगळ्यात चांगल्या कंपनीचं काढलंय" असं एवढ्या ऐटीत सांगितलं नसतंस.

मला सीट बदलून हवी होती. म्हणून निळ्यांच्या ऑफिसात गेले. गुळगुळीत फरशी, काचेचं टेबल, त्यामागे टाय लावलेला एक पोरगेला माणूस. तो म्हणाला, सीट विमानवाले देतात, तांबड्यांकडे जा. तांबड्यांचं ऑफिस रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे रांग लावली. तिथली बाई म्हणाली, तुमचा बुकिंग नंबर निळ्यांचा आहे, तो आमच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. याच बुकिंगचा आमच्याकडे वेगळा नंबर असतो, तो त्यांच्याकडून आणा. पुन्हा निळ्यांकडे. टायवाला म्हणतो, तो नंबर ज्याने बुकिंग केलं त्यालाच देणार, आणि मी नको म्हणेपर्यंत त्याने बटण दाबून तुला कोड पाठवलासुद्धा. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, विकलंत तुम्ही, उडवणार ते, बसणार मी, आणि विचारायचं कुणाला तर भावाला? तर म्हणाला, "नियम आहे, मॅडम." मला मॅडम म्हणणाऱ्या माणसाने आजवर माझं एक काम केलेलं नाही.

सीट बदलायची कशाला, हेच तू काल तीनदा विचारलंस. तर माझ्या ओळखीचे एक गृहस्थ त्याच विमानाने येताहेत. त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. शेजारी ओळखीचं माणूस असेल तर त्यांना बरं पडेल, एवढंच.

वरचं आत्ता परत वाचलं. "ओळखीचे गृहस्थ." पेपरात हरवल्याची बातमी देतात तसं झालंय. खोडत नाही, पण आता नीट सांगते.

आमच्या इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायचा तो मोठा रोलर तू पाहिलायस. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून आत सोडायची, पलीकडून ती कोरडी, सपाट, कडक होऊन बाहेर येते. तो बिघडला की दुरुस्तीला मिस्त्री येतात. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात, मीही. आधी रोलर बिघडला की यायचे. मग तो बिघडेल की काय हे बघायला यायला लागले. माझ्या जोडीला असते ती जाडी एक दिवस म्हणाली, "मिस्त्री, या रोलरला आता काही होत नाही. तुम्हालाच काहीतरी झालंय." सगळ्या बाया हसल्या. मिस्त्री लाल झाले आणि म्हणाले, "बंद कानाकडून बोललीस, ऐकू आलं नाही." पण ती उभी होती चांगल्या कानाकडे.

माणूस शांत आहे. मी शांत नाही हे तुला सांगायला नको. मी ओरडले की ते मान वळवून बंद कान माझ्याकडे करतात. म्हणजे भांडणसुद्धा एकटीलाच करावं लागतं.

तू तिकीट पाठवलंस तेव्हा ते म्हणाले, मीही येतो, भावाला एकदा भेटतो. निळ्यांकडे गेले, तर त्यांच्या वाट्याच्या जागा संपलेल्या. मग काय केलं, तर न विचारता तांबड्यांकडून तिकीट काढून आले. आले ते असे खुशीत, जसं विमानच विकत घेतलंय. मी बघितलं, कंपनी वेगळी, विमानाचा नंबर वेगळा. निघायची वेळ तेवढी तीच. मी म्हटलं, तुम्ही दुसऱ्याच विमानात बसणार. मी तिकडे उतरून भावाला काय सांगू, एक माणूस येतंय मागून, कुठून येतंय माहीत नाही? ते म्हणत होते विमान एकच आहे. मी म्हटलं एका विमानाला दोन नंबर असतात होय? गाडीला असतात का? मग जे तोंडाला येईल ते बोलले. ते निमूट तिकीट परत करायला गेले.

ते गेल्यावर मी रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले आणि मला कळलं, की मला विमानाची भीती वाटतेय. कान त्यांचा बिघडलाय, पण शेजारी माणूस हवंय मला. उठले, चपला घातल्या आणि तांबड्यांच्या ऑफिसात जाऊन थडकले. ते खिडकीशीच उभे होते. तिथल्या बाईने आमची दोन्ही तिकिटं शेजारी शेजारी ठेवली, हसली आणि म्हणाली, विमान एकच आहे हो काकू, विकणारे दोघे असले की नंबरही दोन. मिस्त्रींनी आपलं तिकीट परत खिशात घातलं. वाटेत दोन केळी घेतली, एक मला दिलं. जिंकल्यावर न बोलणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

तर गुंड्या, गेल्या महिन्यात आम्ही लग्न केलं. सरकारी कचेरीत, सह्या करून. साक्षीला जाडी आणि तिचा नवरा. माझी सही वाकडी आली, साहेब चालेल म्हणाले.

तुला का नाही सांगितलं? दोनदा सांगायला फोन केला. पहिल्यांदा तू खोलीचा रंग दाखवलास. दुसऱ्यांदा खिडकीपाशी टाकलेला पलंग. एका माणसाचा पलंग, त्यावर तुझ्या बायकोने नवं पांघरूण घडी करून ठेवलेलं, आणि पिल्लू त्यावर उड्या मारून "आत्याचा, आत्याचा" म्हणतंय. तू म्हणालास, ताई, आता तू परत एकटी राहायची नाहीस. तुझा चेहरा असा झाला होता की माझी जीभच उचलेना. मग मी हवापाण्याचं बोलले. तुला वाटलं असेल म्हातारी झाली.

आणि आणखी एक, जे मला पूर्वीच सांगायला हवं होतं. तू लोकांना सांगतोस, ताईने माझ्यासाठी लग्न केलं नाही. मी ऐकून घेत आले, कारण ऐकायला बरं वाटायचं. पण तसं काही नव्हतं रे. मला कुणी आवडलंच नाही. जे येऊन गेले त्यातला एकही दोन दिवस सहन झाला नसता. तुला वाढवलं ते माझं मला हौसेने वाढवलं. तू त्याचं ओझं घेऊन खोल्या रंगवू नकोस. आवडीने रंगवली असलीस तर चांगलंच आहे, रंग छान आहे.

आम्ही महिनाभर राहू आणि परत जाऊ. तू मला एका वाटेचं तिकीट काढलंस, ते का काढलंस मला समजतं. पण माझं घर आता इथे आहे. दोन खोल्या, नळाला पाणी, खिडकीखाली त्यांची हत्यारांची पेटी. परतीची तिकिटं आम्ही काढतो. ती एकाच कंपनीची काढणार, मला पुन्हा हे सगळं करायचं नाही.

तुला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. वाटू दे दोन दिवस. मी इथे खूप बरी आहे हे मात्र विसरू नकोस. सकाळी कुणीतरी चहा ठेवतं आणि तो गोड मिट्ट होतो, आणि मी ओरडते, आणि परत गोड मिट्टच होतो.

आता तुझं काम. निळ्यांना फोन लाव, आलेला कोड सांग, आणि माझ्या बुकिंगचा तांबड्यांकडचा नंबर मागून घे. मग तांबड्यांना फोन कर, तो नंबर आणि मिस्त्रींच्या तिकिटावरचा नंबर दे (त्याचाही फोटो पाठवते), आणि म्हण ताईची सीट त्या प्रवाशाच्या शेजारी द्या, त्यांच्या डाव्या हाताला. डाव्या, नीट लक्षात ठेव. तेव्हा फोनवरची बाई तुला विचारणार, शेजारचा प्रवासी तुमच्या बहिणीचा कोण? मला त्यांच्या ऑफिसातल्या बाईने विचारलं होतं.

काय सांगायचं ते तू ठरव. ओळखीचे आहेत म्हणालास तरी सीट मिळेल. पण मेहुणे आहेत असं म्हणालास, तर तेवढं मला कळव. मी त्यांच्या चांगल्या कानात सांगेन.

पूर्वीइतकीच तुझी,
ताई