पटाच्या टोकाला

फुलचूर, गुरुवार

प्रिय बाबूजी,

फोनवर तुम्ही एकदा "बरी आहेस ना" विचारता आणि फोन आईकडे देता, म्हणून पत्र लिहिते आहे. धाकटी गुंजन वाचून दाखवेल. तिला म्हणा, घाई करू नकोस.

मागच्या रविवारी माझी परीक्षा होती, पण ती बँकेची नव्हती. कोहमाऱ्याजवळच्या मैदानावर मोटारींच्या शर्यतीसाठी निवड होती. हौशी लोकांच्या चार शर्यती आहेत, हिवाळाभर. जागा आठ, आलेले एकतीस, त्यात मुली दोन. गाडी सगळ्यांना एकच. तुम्हाला बँकेची म्हणून खोटं सांगितलं, त्याचं वाईट वाटतं. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून तुम्ही भेटेल त्याला माझं सांगता, आणि मी इथं सुलोचनाबाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना क्लच शिकवते, हेच तुम्हाला अजून पचलेलं नाही. पण हे काम लहान नाही, बाबूजी. अंगणवाडीतल्या कुंताबाईनं परवा एकटीनं बाजारातून गाडी काढली, आणि उतरल्यावर कितीतरी वेळ माझा हात सोडला नाही.

प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या. वळणं, घड्याळ, आणि शेवटी चुन्यानं आखलेला चौकोन. गाडी त्यातच थांबायला हवी. पहिल्या फेरीत मी वळणं छान काढली आणि चौकोन ओलांडून थेट बांधापर्यंत गेले. ब्रेकवर पायच गेला नाही. वेळ तिसऱ्या नंबरची, पण फेरी बाद. ईश्वरदास नावाचे म्हातारे पंच खिडकीशी आले आणि म्हणाले, "काऊन वो, ब्रेक कायले आहे मंग?" सगळे हसले. दुसऱ्यांना ब्रेक शिकवणारी मी, बांधापासून गाडी मागे घेत राहिले.

उत्तर मोहाच्या झाडाखाली नंबराची वाट बघताना सापडलं. लहानपणापासून मी शर्यत पाहिली ती शंकरपटातली, बैलजोड्यांचीच. मोठे बाबा छकडा हाकतात, रेघ ओलांडली तरी कासरा ओढत नाहीत. जोडी थांबवणं त्यांचं कामच नसतं. पुढे हात पसरून तुम्ही उभे असता. तुम्ही त्यांना म्हणता, "तू हाक बिनधास्त दादा, मी आहो ना पुढं." हार मोठ्या बाबांच्या गळ्यात पडतो, तोवर तुम्ही बैलांना पाणी दाखवत असता. जोडी धरताना तुमची बरगडी मोडली त्या वर्षीही पेपरात फोटो त्यांचाच आला होता. मी तो कापून ठेवला आहे. मागे कोपऱ्यात तुमची पाठ दिसते.

दुसऱ्या फेरीत मी मनातल्या मनात तुम्हाला चौकोनाच्या पलीकडे उभं केलं. पाय आपोआप ब्रेकवर गेला. चारही चाकं चुन्याच्या आत. आठवी आले. शेवटची का होईना, जागा मिळाली.

आता खरं काम सांगते. पहिली शर्यत आपल्या पटाच्या दिवशीच आहे. मोठ्या बाबांना तुम्ही आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही, आणि त्यांनाही तुमच्याशिवाय जोडी सोडायची सवय नाही, हे मला माहीत आहे. तरी या वर्षी जोडी टिकारामकाकांना धरू द्या. तुम्ही इकडे या. धरायचं काही नाही. शेवटच्या चौकोनामागे दोरी बांधलेली असेल, तिच्या पलीकडे फक्त उभे राहा. थांबायचं माझं मी बघते.

तुमचीच,
रविता