वावरातल्या धोंड्याचा वरवंटा

वैशाख शुद्ध तृतीया, शके १७८६
बडनेऱ्याहून तीन दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून बार्शीटाकळीजवळ लेकीच्या घरी आली. बाप पंतोजी होता, त्यानं अक्षरं गिरवून घेतली म्हणून लिहिते. शकुनले आठ दिवसांमागं पोरगा झाला. पहिलं पोर माह्या घरी झालं अन् गेलं, हा जगवायचाच. रडते असा की बैल बिथरावे. मले बरं वाटलं.
जावई सहदेवराव कापसाच्या भावानं फुगले. वावरात दोन पुरुष उंच जुना उभा धोंडा आहे. त्याच्याभोवतीचं पडीत आजवर कोणी नांगरलं नव्हतं. यांनी नांगरलं. धोंड्याचा टवका उडाला, तं त्याचा वरवंटा घडवून आणला. मी जाऊन धोंडा पाह्यला, घरी येऊन त्या वरवंट्यानं चटणी वाटली. चांगला चालते.

षष्ठी
बारसं झालं. रिवाजाप्रमाणं वरवंट्याले अंगडं-टोपडं घालून पाळण्याखालून फिरवला, कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या, अन् बाळापाशी निजवला. जुना फुटला होता, म्हणून हाच घेतला.
रेल्वेची मोजणी करणारा आयर्लंडचा साहेब ओसरीवर बसला होता. दुभाष्याकरवी म्हणाला, त्याच्या मुलखातही असे धोंडे आहेत. धोंड्याच्या आतले लोक माणसाचं बाळ नेतात, त्याच्या जागी आपलं ठेवतात. त्यांचं ते धोंड्यापाशी ठेवून तोंड फिरवलं तं आपलं परत भेटते. मी म्हटलं, आधी पुरणपोळी खा, मंग भेव दाखवा.

दशमी
बाळ रडत नाही. दूध ओढत नाही. शकुन म्हणते, गुणाचं झालं. उचललं तं माहे हात खाली गेले. अंग गार.
वरवंटा हाती घेतला — कोमट.

एकादशी
मिरची वाटता आली नाही. वरवंट्यात ठोके. शकुनची छाती दुधानं दाटली. सहदेवराव म्हणतात, सासूबाईले ऊन लागलं. लागलं असतं तं बरं होतं.

द्वादशी, दुपार
बाळ उचलायले दोघी लागलो. बाळ अन् वरवंटा, दोन्ही धोंड्यापाशी ठेवले. तोंड फिरवलं. मागून रडणं — एकाचं नाही, दोघांचं.

संध्याकाळ
दोघं घरी आणले. नाक तेच, कान तेच. दोघं भुकेले. शकुन विचारते, आई, माहा कोणता —
दोघांकडं पाहून मले काहीच उमगत नाही. एकाकडं बोट दाखवलं.
तिनं घेतला. दुसरा रडायचा थांबला —
शकुन म्हणते, आई, याचं तोंड गार हाय, सोडत नाही, आई, हा —