रेव्हरंड पाउलासींच्या पापणीवरचे टाके

मंगळवार, ७ मे
आजपासून रागवायचं नाही. सकाळच्या प्रार्थनेत देवाला तसं स्पष्ट सांगितलं. लगेच परीक्षा. न्याहारीलाच वन्सं आल्या आणि आमचं मोठं पातेलं घेऊन गेल्या. विचारलं नाही. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला आमच्याकडे विचारावं लागत नाही. तिने वस्तूकडे नुसतं पाहिलं की भावाने ती उचलून द्यायची. ह्यांनी उचलून दिलं. वर झाकणही शोधून दिलं.
मी रागावले नाही. फक्त वहीत लिहिलं: पातेलं, वन्सं (चौथं).

दुपारी हावेआ मास्तर आले. गावच्या चर्चला शंभर वर्षं होतात, जूनमध्ये महोत्सव. रस्त्याच्या तोंडाशी फलक हवा. चार मीटर रुंद, तीन मीटर उंच, त्यावर गावचे पहिले पाळक रेव्हरंड पाउलासी. दर मी सांगितला. आमच्या दुकानात ब्रश हे धरतात, दर मी सांगते. मॅट्रिक मी झालेय. ह्यांच्यावर सोडलं तर गिऱ्हाइकाला जेवू घालून वर पैसे देतील.

हे काम नीट झालंच पाहिजे. हे म्हणतात, महोत्सवाचे पैसे आले तर दुकान तरेल, नाहीतर न्यूझीलंडला द्राक्षांच्या छाटणीला माझं नाव यादीत आहेच. सात महिने. मी म्हटलं, जा की, मला काय. (जाऊ देणार नाही.)

शुक्रवार, १० मे
मास्तर पुन्हा हजर. ऑकलंडला राहणाऱ्या गावकऱ्यांचा फोन आला म्हणे. शेजारच्या गावाने मागच्या वर्षी मोठा फलक लावला होता, आपला त्याच्यापुढे पोस्टाचं तिकीट दिसेल. तेव्हा रुंदी दुप्पट, उंची दुप्पट. मी क्षणभरही न थांबता किंमत दुप्पट सांगितली. मास्तर लगेच हो म्हणाले. शाळेत गणित शिकवतात, हिशेबाला पक्के आहेत, तरी घासाघीस नाही. असं गिऱ्हाईक देवच पाठवतो. पाळकसाहेबांसमोर शब्द दिला.

बुधवार, १५ मे
ताडपत्रीवाल्याने फसवलं. दुप्पट ताडपत्री आणली, ह्यांनी अंगणात पसरली तर फलकाच्या निम्मीच भरली. मी तशीच बस पकडून शहरात, नुकुआलोफाला गेले आणि भर दुकानात त्याला झोडपून काढलं. तो म्हणाला, बाई, पावती बघा. पावती मी बघत नाही, पावत्या मी फाईल करते.

संध्याकाळी ह्यांनी माझा एक रुमाल टेबलावर ठेवला. शेजारी दुसरा. मग त्या दोघांच्या खाली आणखी दोन. म्हणाले, रुंदीही दुप्पट, उंचीही दुप्पट. मोज.
मी म्हटलं, हे रुमालांचं झालं. ताडपत्रीचं वेगळं असतं.
ते गेल्यावर पुन्हा मांडून पाहिले. चारच.

मास्तरांकडे गेले. ते म्हणाले, वासिती, मला वाटलं देवाचं काम म्हणून तू निम्म्यात करतेस. समितीत तुझ्या नावाने प्रार्थनासुद्धा झाली. डोळे पुसले काहींनी. गणिताच्या माणसाने निदान खोकावं तरी.
उरलेली ताडपत्री उधारीवर. निश्चय: यापुढे या कामात एक दोरासुद्धा वाया जाणार नाही.

मंगळवार, २१ मे
चित्र सुरू. रेव्हरंडांचा फोटो चर्चमध्ये एकच, अंगठ्याएवढा. त्यावरून हे शिडीवर चढून चेहरा काढताहेत. एकेक डोळा परातीएवढा झालाय. माणसाचा हात चांगला आहे, हे मी ह्यांच्या तोंडावर म्हणत नाही. लगेच महाग रंग मागतात.

वन्सं पाहायला आल्या. भाऊ-बहीण समोरासमोर बोलत नाहीत, आमच्यात तशी रीत नाही. दोन पावलांवर उभे, आणि मध्ये मी. वन्सं म्हणाल्या, त्याला सांग, दाढी विरळ झालीय. हे म्हणाले, तिला सांग, करतो दाट. काळ्या रंगाचे दोन डबे त्या दाढीत गेले. वन्संच्या आजोबांची दाढी होती का ती.
जाताना उरलेल्या पातेल्याकडे पाहत होत्या. मी पातेल्यासमोर उभी राहिले.

बुधवार, २९ मे
खांबांवरून भांडण. हे म्हणतात चार, लोखंडी, खोल खड्ड्यात सिमेंट भरून. मी म्हटलं दोन बास, फलक काय धावणार आहे? कधी उलट न बोलणारा माणूस आज म्हणाला, वासिती, तू मास्तरांशी घासाघीस कर, ताडपत्रीवाल्याशी कर, वाऱ्याशी नको करूस.
चार घातले. मी दिवसभर बोलले नाही. ह्यांच्या ते लक्षात आलं नसावं, शीळ घालत होते.

शुक्रवार, ३१ मे
बायकांच्या प्रार्थनासभेहून आले तर हे अंगणात सुरी घेऊन बसलेले. पुऱ्या झालेल्या चित्रावर अर्धगोल काप देत होते. कपाळावर, दोन्ही गालांवर, दाढीत, आणि एक तर डाव्या डोळ्याच्या पापणीवर. देवमाणसाच्या तोंडावर सुरी! मी विचारलं, वेड लागलं का? म्हणाले, वारा आरपार जायला वाट नको का? मोठ्या फलकाला हे करावंच लागतं. आणि क्रेनवाल्याशी बोलायला निघून गेले.

वाऱ्याला जायचं असेल तर बाजूने जाईल. दोन्हीकडे सगळं बेट मोकळं पडलंय. उधारीवर आणलेल्या कापडाला भोकं पाडून विकायचं, ही कुठली रीत? आणि उद्या ऑकलंडचे लोक विचारणार, यांचे डोळे उंदरांनी खाल्ले का?

मासे धरायची दोरी घेतली आणि सगळे काप मागून शिवून टाकले. दुहेरी टाका. पुढून रंगाचा हात फिरवला. आईने शिकवलेलं शिवण असं कामाला येतं.
ह्यांना सांगितलं नाही. उगाच आभार मानत बसतील.

शनिवार, १ जून
फलक चढला. क्रेनने उचलला तेव्हा सगळं गाव रस्त्यावर होतं. मास्तरांनी टोपी काढली. म्हाताऱ्या बायका रडल्या. रेव्हरंड पाउलासी नारळांच्याही वरून गावाकडे पाहताहेत.
वारा येतो तेव्हा गाल जरा फुगतात. खाऊनपिऊन सुखी वाटतात.
हे बराच वेळ खाली उभे राहून वर बघत होते. म्हणाले, काप उघडत कसे नाहीत? मी म्हटलं, शिस्तीचे पाळक होते.
पैसे बुधवारी, महोत्सवाच्या जेवणानंतर. छाटणीवाल्यांच्या यादीतून नाव काढायला सांगितलंय ह्यांना. सोमवारी जातो म्हणाले. माझ्या हिशेबाने दुकान वाचलं.

रविवार, २ जून
लिहायला बसवत नाही, पण लिहिते.

पहाटेपासून आग्नेयेचा वारा. फलक ढोलासारखा वाजत होता. हे शिडी काढायला लागले, खालच्या दोऱ्या सोडतो म्हणाले. मी शिडीवर बसले. रविवारी काम नाही. आमच्या घरात नाही, आमच्या बेटावर नाही. हे म्हणाले, मग तू सकाळी भट्टी कशी लावलीस? मी म्हटलं, भट्टी म्हणजे स्वयंपाक, आणि स्वयंपाक म्हणजे काम नव्हे हे तुम्हा सगळ्या पुरुषांचंच मत. आज सोयीचं नाही म्हणून बदलू नका.

चर्चच्या दारात ह्यांनी पाळकसाहेबांना विचारलं. ते ह्यांना म्हणाले, सोनातने, जा, देव समजून घेईल. पाळकसाहेब वयाने लहान आहेत, मऊ आहेत. देव समजून घेईलही, पण मी? ह्यांचा कोपर धरून पुढच्या बाकावर नेऊन बसवलं आणि सोडला नाही.

दुसऱ्या गीताच्या मध्यात आवाज झाला. सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. रेव्हरंड पाउलासी खिडकीसमोरून गेले. आडवे, गाल फुगवून, कबरस्तानावरून, फणसाच्या झाडांवरून. गाणं थांबलं नाही. आमच्याकडे गाणं थांबत नाही.

ते थेट वन्संच्या घरावर उतरले. दोरीची कडी पत्र्यात अडकली, वाऱ्याने पुन्हा ओढलं, आणि ते वन्संचं छप्पर घेऊन पुढे निघाले. घरात कोणी नव्हतं, वन्सं आमच्या पुढ्यात, गायकांच्या रांगेत, वरच्या सुरात गात होत्या.
एक क्षण मला बरं वाटलं. एकच. त्याची क्षमा तिथल्या तिथे मागितली, तेव्हा हिशेब चुकता.

सोमवार, ३ जून
ऑकलंडचे पाहुणे उतरले आणि चार खांबांसमोर उभं राहून फोटो काढून घेतले. खांब ताठ उभे आहेत. यावरूनच कळतं की खांबांवरचा खर्च फुकट होता.
मास्तर म्हणाले, फलक नाही तर पैसे कसे देणार, वासिती? प्रार्थना मात्र पुन्हा करू. मी म्हटलं, नको. मागच्या प्रार्थनेचंच अजून फेडतेय.

हे कापड गोळा करून घेऊन आले. पार चिंध्या. उलटं करून अंगणात पसरलं आणि टाक्यांकडे पाहत बसले. सगळीकडे फाटलंय, टाका मात्र एकही उसवलेला नाही. ह्यांनी एकावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. माझ्या कामाबद्दल चार शब्द ह्यांना कधी सुचले नाहीत, आजही नाहीत. अंघोळ केली, चांगला सदरा घातला, शहरात गेले.
यादीतून नाव काढायला गेले असतील.

गुरुवार, ६ जून
नाव काढलं नाही. पुढच्या तुकडीत घातलं.

वन्सं आमच्याकडे राहायला आल्या. छप्पर होईपर्यंत. छप्पर करायला पैसे लागतात आणि ते, वन्सं म्हणाल्या, त्याला सांग, भावाने करायचे असतात. चारही पातेली परत आली. त्यांच्यासोबत.
थोरली बहीण एका छपराखाली असताना भाऊ तिथे झोपत नाही. हे दुकानात झोपतात. जेवण मी ताटात घालून अंगणापलीकडे नेते. नवरा माझा, घर माझं, आणि मी दोघांमध्ये फेऱ्या मारणारी बस.
निश्चय: रागवायचं नाही. उद्यापासून.

शनिवार, २२ जून
विमानतळावर गेले होते. डब्यात अळूच्या पानातलं मटण दिलं, नारळाचं दूध जास्त घालून. जाताना म्हणाले, आधी छपराचे पाठवतो, मग ताडपत्रीचे, मग घरखर्चाचे. हा क्रम मीच लावला असता.
मी पुष्कळ बोलायचं ठरवून गेले होते. त्या शिवणाबद्दलही. विमान उशिरा सुटेल असा हिशेब धरला होता, आमच्याकडे ते रोज उशिरा सुटतं. आज वेळेवर सुटलं.

रविवार, २३ जून
वन्संनी फलकाचा उरलेला तुकडा माझ्या खाटेच्या आणि त्यांच्या खाटेच्या मध्ये पडदा म्हणून लावलाय. रेव्हरंडांचा डावा डोळा. मी कुशीवर वळले तरी पाहतात. पापणीवर माझे टाके, जसेच्या तसे.

आत्ता वन्संनी पलीकडून हाक मारली. म्हणाल्या, वासिती, झोपलीस का गं? इकडे वाऱ्याची झुळूकसुद्धा येत नाही. ते पापणीवरचे टाके तेवढे उसव. आज नको, रविवार आहे. उद्या.
मी म्हटलं, उद्या उसवते. दुहेरी टाका आहे, वेळ लागेल.